कानावर आलेला रुपया

दलाल स्ट्रीटवरच्या रिंगणातला गलका ज्यांनी ऐकला आहे, त्यांच्या लेखी शेअर बाजार ही आधी कानाची गोष्ट असते, मग डोळ्यांची. मी तो ऐकला तेव्हा पेपरात नोकरीला लागून फार दिवस झाले नव्हते. शेकडो पुरुष (बायका जवळजवळ नव्हत्याच) एकमेकांवर रेलून, हात वर करून, बोटं नाचवत गुजरातीत भाव ओरडत होते. कोण घेतंय, कोण विकतंय, सौदा नेमका कधी पक्का होतोय, मला काही कळेना. मला तिथे घेऊन गेलेले आमच्याकडचे जुने वार्ताहर म्हणाले, "भाव नंतर कळतीलच. आधी सूर ऐक." मग हळूहळू उमगायला लागलं. तेजीत गलक्याची पट्टी चढते, शब्द आखूड होतात. मंदीत तोच गलका खाली बसतो, घोगरा होतो. आणि फारच वाईट काही कानावर आलं, की मधेच दोन-तीन सेकंद कुणीच बोलत नाही. त्या दोन-तीन सेकंदांत कुणाचं काय बुडालं, हे दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कधी छापून येत नसे. निर्देशांक तेवढा यायचा.

मार्च १९९५मध्ये 'बोल्ट' नावाची संगणकी प्रणाली आली आणि रिंगण ओस पडलं. टाउन हॉलजवळच्या वडाखाली ज्याचे सौदे तोंडी सुरू झाले, १८७५ साली ज्याची रीतसर स्थापना झाली, तो बाजार एकशेवीस वर्षांनी बोलायचा थांबला. राष्ट्रीय शेअर बाजार तर त्याआधी काही महिने, नोव्हेंबर १९९४मध्ये, थेट पडद्यावरच जन्माला आला होता. या मुकेपणावर हळवं होऊन लिहिणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यात नाही. गलक्यात नेमका कुठला भाव लागला हे गिऱ्हाइकाला कळायचा मार्गच नव्हता, आणि दिवसातला सगळ्यात महाग भाव त्याच्या माथी मारून मधला फरक खिशात घालणारे दलाल त्या गलक्यावरच जगत होते. पडदा आला आणि ही लबाडी अवघड झाली. बरंच झालं.

माझं काम मात्र तेव्हा गलक्याचंही नव्हतं आणि पडद्याचंही नव्हतं. मी आकड्यांच्या पानावर होते. सोनं, चांदी, शेंगदाणा तेल, एरंडी, वाशीच्या बाजार समितीतला कांदा, लासलगावचा कांदा, आणि खाली बारीक टायपात शेअर्सचे भाव, पैशांपर्यंत. रात्री त्या पानाचं प्रूफ वाचायची पद्धत अशी, की एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने छापील आकड्यावर पेन्सिलीचं टोक टेकवत जायचं. वाचणाऱ्याला लवकरच एक चाल सापडते. मंत्रपुष्पांजलीची असते ना, तशी. अर्थ बाजूला राहतो, लय पुढे जाते, आणि लयीत चुकीचा आकडा आला की पेन्सिलवाला मान वर करतो. चांदीच्या भावात एक शून्य जास्तीचं पडलेलं डोळ्यांना दिसलं नव्हतं, कानांना टोचलं होतं, असं त्या टेबलावर कितीदा तरी झालं. पुढे माइकसमोर बसायची वेळ आली, तेव्हा ही सवय उपयोगी पडेल असं काही तेव्हा डोक्यात नव्हतं.

या धंद्यात मी आले ती एका छापील बातमीमुळे. २३ एप्रिल १९९२च्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त सुचेता दलाल यांनी स्टेट बँकेतल्या पाचशे कोटींच्या घोळाची बातमी दिली. बाजाराने ज्याला 'बिग बुल' म्हणून डोक्यावर घेतलं होतं, त्या हर्षद मेहताचा उतार तिथून सुरू झाला. मी तेव्हा कॉलेजात होते. बँका आपापसात सरकारी रोखे विकत-घेत, त्यात रोख्यांऐवजी नुसती बँक रिसीट हातोहात फिरे, आणि मधल्या दिवसांत तो पैसा शेअर बाजारात जाई. हे सगळं समजायला मला त्या वर्षभरातली कात्रणं पुन्हा पुन्हा वाचावी लागली. वाचता वाचता एवढं मात्र लक्षात आलं, की कुणीतरी कंटाळवाणे कागद न कंटाळता वाचले म्हणून देशाला ही गोष्ट कळली. सुचेता दलालांनी पुढे देबाशिस बसूंबरोबर त्यावर 'द स्कॅम' हे पुस्तक लिहिलं. २००६ साली त्यांना पद्मश्री मिळाली, त्याच वर्षी त्यांचं 'मनीलाइफ' हे नियतकालिक सुरू झालं, आणि २०१०मध्ये सामान्य गुंतवणूकदारांसाठी त्याच नावाची संस्था. मोठी शिकार केलेला पत्रकार पुढची वर्षं विमा पॉलिसीतली बारीक अक्षरं लोकांना समजावण्यात घालवतो, हे मला त्या शिकारीहून मोठं वाटतं. पण माझं मत बाजूला ठेवा. २०२०च्या ऑक्टोबरात त्या पुस्तकावरची मालिका आली, आणि माझ्या भाच्याच्या वयाच्या पोरांनी फोनवर वाजायला काय लावलं? तिचं पार्श्वसंगीत. त्यांच्या लेखी नायक हर्षदच होता. बातमी देणारी बाई मालिकेत होती, पण कुणाच्या रिंगटोनमध्ये नव्हती.

वाचकांशी माझी गाठ आधी फोनवर पडली. जुलै २००१मध्ये युनिट ट्रस्टने आपल्या यूएस-६४ या योजनेतल्या युनिटांची खरेदी-विक्री सहा महिने थांबवली, त्या आठवड्यात आमच्या विभागातला फोन खाली ठेवता येत नव्हता. निवृत्त शिक्षक, पोस्टमास्तर, पेन्शनवाल्या आजी. यूएस-६४ म्हणजे सरकारच, असा १९६४पासून घराघरांत समज. बातमीत मी युनिटचं निव्वळ मूल्य आणि ठरवलेली किंमत यातली तफावत समजावली होती. फोनवरच्या कुणालाच ती तफावत नको होती. त्यांना फक्त इतकंच ऐकायचं होतं, की फोनच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी आहे. एका बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "पण तुम्ही स्वतः काय केलंत?" हा प्रश्न मला नंतर जन्मभर विचारला गेला. आमच्या क्षेत्रात सगळं ज्ञान याच प्रश्नापाशी येऊन थांबतं.

आणि मग सप्टेंबर २०१९. मुंबईतल्या एका मोठ्या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले. आधी एका खात्यातून काढता येतील फक्त हजार रुपये, मग टप्प्याटप्प्याने मर्यादा वाढली. शाखेबाहेरच्या रांगेत मी फोनचा रेकॉर्डर सुरू ठेवून उभी होते, टिपणाची सोय म्हणून. सत्तरीचे एक गृहस्थ बोलत होते, मुलीच्या लग्नाबद्दल, घर विकून आलेल्या पैशांबद्दल. दुसऱ्या दिवशी डेस्कने मथळा दिला: 'संतप्त ठेवीदारांची गर्दी'. रात्री मी ती टेप ऐकली. संताप कुठेच नव्हता. आवाज इतका हळू, की मागच्या माणसाला ऐकू जाऊ नये म्हणून धडपडणारा. आणि बोलणं थांबलं की एक करकर ऐकू यायची. प्लास्टिकच्या कव्हरातलं पासबुक ते उघडत होते, मिटत होते, उघडत होते. ती शरम होती. चारचौघांत आपण फसलो याची शरम. 'संतप्त' हा शब्द छापायला सोपा असतो, कारण संतापाला मथळ्यात जागा आहे. शरमेला नाही. ठेवींवरचं विमा संरक्षण तेव्हा एका बँकेत एका ठेवीदारामागे एक लाख होतं, १९९३पासून तेवढंच. फेब्रुवारी २०२०मध्ये ते पाच लाख झालं. हे मी छापलं, दोनदा. पण ती करकर छापता येत नव्हती.

छापता येत नाही ते ऐकवता येतं, हे मला अमेरिकेतल्या दोघांनी आधीच दाखवून ठेवलं होतं. मे २००८मध्ये ॲलेक्स ब्लुमबर्ग आणि ॲडम डेव्हिडसन यांनी रेडिओवर तासाभराचा एक कार्यक्रम केला, 'द जायंट पूल ऑफ मनी'. लेहमन ब्रदर्स बुडायला अजून चार महिने होते. घरकर्जाचं संकट म्हणजे काय, हे त्यांनी साखळीतल्या एकेका माणसाला बोलतं करून सांगितलं: कर्ज घेणारा, मिळवून देणारा दलाल, ती कर्जं विकत घेणारा, त्यांची मोळी बांधून पुढे विकणारा. त्यातला कर्जदार स्वतःच म्हणतो, की मी जर बँकेत असतो तर मला कर्ज दिलं नसतं. अर्थशास्त्राच्या दहा पानांना जे जमत नाही ते या एका वाक्याने होतं, कारण ते म्हणताना तो जवळजवळ हसतो. त्या कार्यक्रमातूनच सप्टेंबरात 'प्लॅनेट मनी' हे पॉडकास्ट निघालं. पुढे याच चमूने स्वतःच्या खिशातले हजार डॉलर घालून एक बुडीत रोखा विकत घेतला आणि तो कसकसा मरतो ते श्रोत्यांना ऐकवत राहिले. निम्म्याहून कमी पैसे परत आले. 'तुम्ही स्वतः काय केलंत?' याचं इतकं प्रामाणिक उत्तर मी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

माझं पॉडकास्ट सुरू झालं ते नोकरी सुटल्यावर, घरातल्या लाकडी कपाटापुढे. कपाट उघडं, आत टांगलेल्या साड्या, पाठीमागे दोरीवर गोधडी. आवाज घुमू नये म्हणून हे सगळं. स्टुडिओचं भाडं परवडत नाही हे खरं कारण. खालच्या मजल्यावरचा कुकर, भंगारवाल्याची आरोळी, साडेअकराची पाण्याची मोटर, यांच्यामधल्या फटीत रेकॉर्डिंग करायचं. सुरुवातीला मी लेख लिहून वाचत असे, आणि ऐकताना जांभई येई. लेखातलं वाक्य डोळ्यांसाठी बांधलेलं असतं. वाचक मागे जाऊन पुन्हा वाचू शकतो. भाजी चिरता चिरता ऐकणारी बाई मागे जात नाही, ती पुढे निघून गेलेली असते.

आकड्यांनी तर फेस आणला. एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यात लोकलमध्ये उभ्या माणसाच्या कानाला फरक कळत नाही. सत्याहत्तर म्हटलं की इंग्रजी माध्यमातली मुलं मनात भाषांतर करेपर्यंत पुढची दोन वाक्यं जातात. २०१९मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात 'बासष्ट'च्या जोडीला 'साठ दोन' असं वाचन आणलं तेव्हा केवढं वादळ उठलं होतं! गणितज्ञ मंगला नारळीकर त्या बदलाच्या बाजूने शांतपणे बोलत राहिल्या आणि महाराष्ट्र त्यांची टिंगल करत राहिला. माइकपुढे बसल्यापासून मी नारळीकरांच्या पक्षात आहे. उलट सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच यांच्यासारखी सोय नाही. 'सात पूर्णांक पंचवीस शतांश टक्के' कुणाच्या कानात शिरत नाही. 'सव्वासात टक्के' म्हटलं की पोस्टाच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा डोळ्यांसमोर येतो.

संपादन मीच करते. त्या सॉफ्टवेअरमध्ये एक बटण आहे: बोलण्यातल्या रिकाम्या जागा आपोआप कापून टाकणारं. तासाचा भाग बावन्न मिनिटांत बसतो, माणूस हुशार आणि ठाम वाटायला लागतो. मी ते एकदा वापरून बंद केलं. "घराचा हप्ता तीन महिने थकलाय" आणि "पण ह्यांना सांगितलेलं नाही" या दोन वाक्यांमध्ये जे चार सेकंद असतात, मुलाखतीतला ऐवज तोच असतो. ते कापले की उरतं ते फक्त हप्त्याचं वेळापत्रक.

पण आवाजाची दुसरी बाजूही या कामातच कळली, आणि ती मला भिवविते. छापील शब्दाकडे वाचक थोडा संशयाने पाहतो. कानात बोलणाऱ्याला तो घरचा मानतो. इयरफोन लावून रोज कुणी अर्धा तास आपल्याशी बोललं, की ते माणूस ओळखीचंच होऊन बसतं. मला लोक रस्त्यात 'ताई' म्हणतात, आणि आजवर छापलेल्या कुठल्याही लेखाखालच्या नावाला ही 'ताई' मिळाली नव्हती. शेअर ट्रेडिंगच्या एका ॲपची मेल आली तेव्हा त्यांनाही हेच हवं होतं. जाहिरात तयार आहे, पण तशी नको. तीस सेकंद, तुमच्या आवाजात, गप्पा मारल्यासारखं. रक्कम माझ्या सहा महिन्यांच्या कमाईएवढी होती. पॉडकास्टवर माझं पोट भरत नाही, ते कंपन्यांचे वार्षिक अहवाल मराठीत करून भरतं, हे सांगायला मला संकोच नाही. मी नकार दिला. पुढच्याच आठवड्यात तीच तीस सेकंदं दुसऱ्या एका लोकप्रिय आवाजात ऐकली. गप्पा मारल्यासारखी.

या आवाजांनी काय केलं ते आकड्यांत दिसतं. देशातली डिमॅट खाती मार्च २०२०मध्ये चार कोटींच्या आसपास होती, ऑगस्ट २०२२मध्ये दहा कोटींवर गेली. टाळेबंदी, स्वस्त डेटा, हातातलं ॲप, आणि कानात कुणीतरी सांगतंय की सोपं आहे. बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीला अखेर बोलण्यावरच नियम करावे लागले. नोंदणी नसलेल्या सल्लागारांशी दलालांनी संबंध ठेवू नयेत, हे २०२४मध्ये. आणि जानेवारी २०२५मध्ये हे, की शिक्षणाच्या नावाखाली बोलायचं असेल तर गेल्या तीन महिन्यांतले भाव उदाहरणाला घ्यायचे नाहीत. ज्याला खरंच शिकवायचंय त्याला तीन महिन्यांपूर्वीचा भाव पुरतो. ज्याला आजचाच भाव लागतो, त्याचा धंदा शिकवण्याचा नाही.

आणि आता इचलकरंजीहून आलेला एक निरोप. व्हॉट्सॲपवर, आवाजातच. मागे यंत्रमागांचा खडखडाट, एकसारखा, आणि त्यातून वाट काढत बोलणारी एक बाई. मुलगा तेवीसचा. फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावरच्या सौद्यांत, घरातले साडेतीन लाख घालवून बसलाय. तो रडत नाही, बोलत नाही, फोन बघत बसतो. मी मनात उत्तर जुळवायला लागले: समुपदेशन, कर्ज, पुढे काय. पण तिने ते विचारलंच नव्हतं. तिचा प्रश्न होता, "ताई, हे पैसं गेलं कुठं? जळालं तर न्हाईत. कुणाच्या तरी खिशात गेलंच असतील की!"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला एकाही संपादकाने विचारला नव्हता. आम्ही सगळे 'बुडाले' असं लिहितो. 'गुंतवणूकदारांचे अमुक लाख कोटी बुडाले', जसं काही अरबी समुद्रात. कापडाच्या गावातल्या बाईला माहीत असतं की सूत कुठून येतं आणि कापड कुठे जातं. मधे काही हरवलं तर ते कुणाच्या तरी गोदामात असतं.

उत्तर आहे, आणि ते छापलेलं आहे. सप्टेंबर २०२४मध्ये सेबीने अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. माणशी सरासरी सुमारे दोन लाख, सगळे मिळून १.८ लाख कोटींच्या वर. त्यातले सुमारे ५० हजार कोटी तर नुसत्या व्यवहारखर्चात गेले, म्हणजे दलाली, बाजाराचं शुल्क, कर. तोटा झाला तरी हे द्यावंच लागतं. आणि उरलेले? २०२३-२४ या एका वर्षात स्वतःच्या भांडवलावर खेळणाऱ्या व्यापारी संस्थांनी ३३ हजार कोटींचा ढोबळ नफा कमावला, परदेशी गुंतवणूकदार संस्थांनी २८ हजार कोटींचा, आणि त्यातला जवळजवळ सगळा संगणकाच्या आज्ञावलीने केलेल्या सौद्यांतून. मुलगा अंगठ्याने सौदा करत होता. समोर यंत्र होतं. दर चार खेळाडूंमधल्या तिघांहून जास्त जणांनी आपलं वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत असल्याचं सांगितलं होतं. तिशीच्या आतल्यांचं प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३वर गेलं होतं. तिचा मुलगा एकटा नव्हता, हे तिला आणि त्यालाही कळायला हवं होतं.

मी त्या प्रश्नावर एक भाग केला. तिची परवानगी घेऊन तिचा आवाज बदलून लावला, पण मागचे माग तसेच ठेवले. साडेतीन लाखांची वाट पहिल्या रुपयापासून सांगितली: इतके दलालाकडे, इतके बाजाराकडे, इतके सरकारकडे, आणि बाकीचे समोर बसलेल्या यंत्राच्या मालकाकडे. 'बुडाले' हे क्रियापद एकदाही वापरलं नाही. माझ्या सगळ्या भागांत तो सर्वांत जास्त ऐकला गेला. तिने उत्तरादाखल एवढंच पाठवलं, की पोरानं दोनदा ऐकलं आणि जेवायला आला.

तुम्हालाही काही विचारायचं असेल तर असंच विचारा. आवाजात पाठवा, मागे कुकर वाजला तरी चालेल. फक्त 'कोणता शेअर घेऊ' हे मला विचारू नका, मी सांगत नाही. जो सांगेल, मग तो कितीही गोड बोलो, त्याच्याकडे सेबीचा नोंदणी क्रमांक मागा. गुंतवणूक सल्लागाराचा 'आयएनए'ने सुरू होतो, रिसर्च ॲनालिस्टचा 'आयएनएच'ने, आणि तो खरा आहे की खोटा हे सेबीच्या संकेतस्थळावर फुकट तपासता येतं.